बायोटिन मोजणारी पुनःसंयोजित प्रतिपिंडे : प्रयोगशाळेतील एका परीक्षेचा परिचय

पाठाचा विषय

ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही पिले लंगडू लागतात. तळपायाची कातडी तडकते, तीवर खपली धरते, चोचीच्या कडेला भेगा पडतात, आणि वजन वाढावे तसे वाढत नाही. अशा वेळी गावातील एकजण तूस ओले राहिल्याचा दोष सांगतो. दुसरा खाद्यात मँगनीज कमी असल्याचे म्हणतो. तिसरा बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाची पुडी आणून पिण्याच्या पाण्यात घालावयास सांगतो. तिघांपैकी कोणाचेही म्हणणे खरे असू शकेल, कारण या तिन्ही कारणांनी पाय बिघडतात आणि वरवर पाहणाऱ्यास लक्षणे बरीचशी सारखी भासतात. जेथे डोळ्यांनी निवाडा होत नाही, तेथे मोजमाप करावे लागते.

परंतु बायोटिनचे मोजमाप करणे हे सोपे काम नव्हे. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार ब्रॉयलर पिलांना पहिले सहा आठवडे दर किलोग्रॅम खाद्यामागे ०.१५ मिलिग्रॅम बायोटिन लागते. याचा अर्थ असा की, दहा क्विंटल खाद्यात सारे मिळून १५० मिलिग्रॅम बायोटिन असले पाहिजे. ज्वारीचा एक दाणा सुमारे ३० मिलिग्रॅम वजनाचा धरला, तर हे वजन पाच दाण्यांइतके भरते. दहा क्विंटलांच्या राशीत हे पाच दाण्यांचे वजन सर्वत्र पसरलेले असते, आणि त्यात एका दाण्याची तूट आली आहे किंवा नाही हे प्रयोगशाळेला सांगावयाचे असते.

इतका सूक्ष्म पदार्थ इतर शेकडो पदार्थांतून नेमका हुडकून काढण्यासाठी त्याला पकडणारे साधन लागते. पुनःसंयोजित प्रतिपिंड हे अशा साधनांपैकी एक होय. ते कसे तयार होते, त्याच्या साहाय्याने बायोटिन कसे मोजतात, आणि मिळालेला आकडा गावात कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

बायोटिनची ओळख

बायोटिन हे ब वर्गातील, पाण्यात विरघळणारे आणि गंधकयुक्त असे जीवनसत्त्व आहे. शरीरातील काही एंझाइमे बायोटिन जोडलेले असल्याखेरीज काम करीत नाहीत. साखर व चरबी घडविणे आणि काही प्रथिनांच्या घटकांचे विघटन करणे ही कामे या एंझाइमांकडे असतात. म्हणूनच बायोटिन कमी पडले की कातडी, पिसे व खूर यांवर परिणाम दिसतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू स्वतःच बायोटिन तयार करतात. कोंबडीला मात्र ते मुख्यतः खाद्यातूनच मिळवावे लागते.

या जीवनसत्त्वाचा शोध अंड्यापासून लागला. १९२७ साली लंडन येथे मार्गारेट बोआस यांनी उंदरांना सुकवलेला कच्चा पांढरा बलक खाऊ घातला असता त्यांची कातडी बिघडून केस गळू लागल्याचे आढळले. १९३६ साली हॉलंडमधील फ्रिट्झ क्योगल यांनी बदकांच्या अंड्यांच्या सुकवलेल्या पिवळ्या बलकातून बायोटिन वेगळे काढले. २५० किलोग्रॅम बलकातून त्यांच्या हाती सुमारे १ मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ लागला. १९४२ साली अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी त्याची रासायनिक रचना निश्चित केली.

उंदरांच्या विकाराचे कारणही दरम्यान उलगडले. कच्च्या पांढऱ्या बलकात ॲव्हिडिन नावाचे प्रथिन असते. त्याचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू घट्ट धरून ठेवतो आणि ते आतड्यातून शोषले जाऊ देत नाही. अंडे शिजविल्यावर ॲव्हिडिनची ही शक्ती नष्ट होते. तालमीत कच्ची अंडी पिण्याची चाल अद्याप कोठे कोठे आढळते. तीच अंडी उकडून खाल्ल्यास त्यांतील बायोटिन अंगी लागते, हे या शोधाचे साधे तात्पर्य आहे.

कोंबड्यांच्या बाबतीत या ज्ञानाची किंमत १९७० च्या दशकात कळून आली. ब्रिटन व ऑस्ट्रेलिया या देशांत गव्हावर आधारलेले खाद्य खाणारी तीन-चार आठवड्यांची धडधाकट पिले अचानक मरू लागली. चिरफाड केल्यावर यकृत फिकट व चरबीने भरलेले आणि मूत्रपिंडे सुजलेली आढळत. १९७४ च्या सुमारास या विकाराचा संबंध बायोटिनच्या कमतरतेशी असल्याचे सिद्ध झाले. गव्हात बायोटिन असते, परंतु ते बद्ध स्वरूपात असल्याने कोंबडीला त्याचा फारच थोडा भाग मिळतो. मक्यातील बायोटिन जवळजवळ सर्व उपयोगी पडते. ज्वारी व जव यांतील थोडेच उपयोगी पडते. ही गोष्ट पुढे आकडा वाचताना पुन्हा लागणार आहे.

जुन्या परीक्षा आणि त्यांच्या मर्यादा

बायोटिन मोजण्याची जुनी व आजही मान्य असलेली पद्धत म्हणजे जिवाणूंची परीक्षा. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम नावाचा जिवाणू बायोटिनशिवाय वाढत नाही. त्याला इतर सर्व पोषण देऊन बायोटिन मात्र वगळतात, आणि त्यात नमुन्याचा अर्क घालतात. अर्कात जितके बायोटिन असेल तितकी जिवाणूंची वाढ होऊन द्रव गढूळ होतो. गढूळपणा मोजून बायोटिनचे प्रमाण काढतात. ही पद्धत सूक्ष्म प्रमाण ओळखते, परंतु तिला वेळ लागतो. शिवाय जिवाणूंच्या वाढीस नमुन्यातील दुसरे पदार्थही मदत किंवा अडथळा करतात. ओलेइक आम्लासारखे चरबीतील घटक असल्यास बायोटिन कमी असूनही वाढ जास्त दिसू शकते.

दुसरी पद्धत ॲव्हिडिनची. ॲव्हिडिनला एक विशिष्ट रंगद्रव्य चिकटविले असता द्रावणास नारिंगी-तांबडी छटा येते. बायोटिन घातले की ते रंगद्रव्याला हुसकावून त्याची जागा घेते आणि छटा फिकी पडते. ही परीक्षा सोपी व जलद आहे, परंतु जेथे बायोटिन बरेच असते तेथेच ती चालते. खाद्याच्या अर्कातील अत्यल्प प्रमाणाला ती पुरत नाही. तसेच ॲव्हिडिनवर धन विद्युत्भार असल्यामुळे ते नमुन्यातील इतर पदार्थांनाही चिकटते, आणि बायोटिनला एकदा धरले की सहजासहजी सोडत नाही. यास्तव निवडक पदार्थालाच धरणारी, हवी तेव्हा सोडविता येणारी आणि दर खेपेला सारखीच वागणारी अशी पकड शोधण्याची गरज होती. ती प्रतिपिंडांनी भागविली.

प्रतिपिंड म्हणजे काय

जनावराला रोगाची लस टोचली म्हणजे त्याच्या रक्तात त्या रोगजंतूला ओळखून पकडणारी प्रथिने तयार होतात. या प्रथिनांस प्रतिपिंडे म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंडाच्या टोकाला एक खाच असते, आणि कुलपात त्याची किल्ली बसावी तसा ठरावीक पदार्थच तीत बसतो.

बायोटिनचा रेणू मात्र इतका लहान असतो की तो एकटा टोचल्यास शरीर त्याची दखल घेत नाही. म्हणून तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. मोठ्या प्रथिनामुळे शरीर जागे होते, आणि मग तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपैकी काही प्रथिनाला तर काही बायोटिनला पकडणारी निघतात.

प्रतिपिंडे मिळविण्याच्या तीन पायऱ्या शेतकऱ्याला बियाण्याच्या उदाहरणावरून चटकन समजतील.

पहिली पायरी सशाच्या किंवा मेंढीच्या रक्तजलाची. यात अनेक प्रकारची प्रतिपिंडे एकत्र असतात. हे गावरान मिश्र बियाण्यासारखे होय. पीक येते, पण प्रत्येक ताट निराळे. एका जनावराचे रक्तजल संपले की दुसऱ्या जनावराचे तंतोतंत तसेच निघत नाही, आणि परीक्षेचे आकडे बदलतात.

दुसरी पायरी एकाच पेशीच्या वंशाची. १९७५ साली केंब्रिज येथे गेऑर्ग क्योलर व सेझार मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड बनविणारी एक पेशी अखंड वाढणाऱ्या पेशीशी जोडून तिचा वंश चालविला. त्या वंशातून एकाच जातीची प्रतिपिंडे मिळू लागली. या कार्यास १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे शुद्ध वाणाच्या बियाण्यासारखे झाले. तथापि हा वाण जिवंत पेशींत सांभाळावा लागतो. पेशी मेल्या तर वाण जातो. कधी पेशींत हळूहळू फरक पडून प्रतिपिंडही बदलते.

तिसरी पायरी पुनःसंयोजित प्रतिपिंडांची. येथे पेशीऐवजी तिच्यातील जनुक, म्हणजे प्रतिपिंड कसे बांधावे याची रासायनिक लिपीतील सूचना, वाचून नोंदवून ठेवतात. ती सूचना दुसऱ्या सजीवाच्या जनुकद्रव्यात जोडली की तो सजीव तेच प्रतिपिंड बनवू लागतो. एका ठिकाणचा जनुक दुसऱ्या ठिकाणी जोडला जातो, म्हणून यास पुनःसंयोजित असे नाव आहे. पेशी नष्ट झाल्या तरी सूचना लेखी स्वरूपात शिल्लक असते आणि तिजवरून तेच प्रतिपिंड पुन्हा तयार करता येते.

पुनःसंयोजित प्रतिपिंड कसे तयार करतात

या कामाची एक प्रचलित रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. प्रतिपिंडांचे लक्षावधी निरनिराळे जनुक एकत्र करतात. ते लस टोचलेल्या जनावराच्या पेशींतून घेतात किंवा प्रयोगशाळेत रचतात.

२. प्रत्येक जनुक जिवाणूंवर वाढणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूत घालतात. असा विषाणू आपल्या अंगावर ते प्रतिपिंड धारण करतो आणि पोटात त्याचा जनुक बाळगतो. विषाणूच्या अंगावर परके प्रथिन धारण करविण्याची ही युक्ती जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली दाखविली. ग्रेगरी विंटर व त्यांचे सहकारी यांनी १९९० साली ती प्रतिपिंडांना लागू केली. या दोघांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

३. बायोटिन जोडलेल्या प्रथिनाचा लेप दिलेल्या पात्रात हे सर्व विषाणू ओततात व पात्र धुतात. ज्यांच्या अंगावरील प्रतिपिंड बायोटिनला धरते तेवढेच मागे राहतात. मागे राहिलेले वाढवून पुन्हा ओततात व पुन्हा धुतात. सुपात धान्य पाखडावे तशी ही कृती तीन-चार वेळा करतात. दर खेपेस बायोटिनसोबतचे प्रथिन बदलतात, म्हणजे त्या प्रथिनालाच धरणारी निरुपयोगी प्रतिपिंडे गळून पडतात.

४. उरलेल्यांतून उत्तम पकड असलेले प्रतिपिंड निवडून त्याचा जनुक वाचतात व नोंदवितात.

५. तो जनुक जिवाणूत किंवा सस्तन प्राण्यांच्या वाढविलेल्या पेशींत घालून प्रतिपिंड तयार करवितात, आणि शुद्ध करून कुपीत भरतात. प्रतिपिंडाचा लहान तुकडा पुरेसा असेल तेथे जिवाणू चालतो. संपूर्ण प्रतिपिंड हवे असल्यास सस्तन पेशी बऱ्या पडतात.

पुनःसंयोजित म्हटले म्हणजे ते उत्तमच असते, असे मात्र समजू नये. चुकीचा वाण कितीही शुद्ध राखला तरी तो चुकीचाच. बायोटिनच्या रेणूला एक शेपूट असते आणि त्या शेपटानेच ते इतर प्रथिनांशी जोडले जाते. काही प्रतिपिंडे मोकळ्या व जोडलेल्या अशा दोन्ही बायोटिनांना धरतात. काही फक्त मोकळ्या बायोटिनला धरतात. कोणत्या परीक्षेस कोणते प्रतिपिंड हवे, याची पडताळणी प्रयोगशाळेस करावीच लागते. पुनःसंयोजनाचा लाभ एवढाच, आणि तो मोठा आहे, की एकदा पडताळलेले प्रतिपिंड पुढील वर्षीही तेच असते. यंदाच्या खाद्याचा आकडा गतवर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावयाचा असेल, तर मापच बदललेले चालत नाही.

परीक्षा कशी चालते

या परीक्षेचे तत्त्व गोठ्यातील दावणीवरून समजावून देता येईल. दावणीला दहा खुंटे आहेत असे समजावे. शिंगे रंगविलेले दहा बैल आणि न रंगविलेले काही बैल एकदमच गोठ्यात सोडले. ज्याला खुंटा मिळेल तो बांधला जाईल, बाकीचे बाहेर काढले जातील. न रंगविलेले बैल दोन-चारच असतील तर बहुतेक खुंट्यांना रंगीत बैल दिसतील. ते पन्नास असतील तर रंगीत बैल क्वचितच दिसतील. बांधलेले रंगीत बैल मोजले की न रंगविलेले किती होते याचा अंदाज बांधता येतो.

प्रयोगशाळेत खुंट्यांच्या जागी पुनःसंयोजित प्रतिपिंडे असतात. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत प्रत्येक खळग्याच्या तळाशी ती ठरावीक संख्येने चिकटविलेली असतात. रंगीत बैल म्हणजे एंझाइम जोडलेले बायोटिन, आणि न रंगविलेले बैल म्हणजे नमुन्यातील बायोटिन. म्हणूनच या परीक्षेला मोकळे व जोडलेले अशी दोन्ही बायोटिने धरणारे प्रतिपिंड लागते. दोन्ही एकदम घालून काही वेळ ठेवतात, नंतर ताटली धुतात आणि एंझाइमामुळे रंग धरणारा पदार्थ घालतात. नमुन्यात बायोटिन कमी असेल तर रंग गडद येतो. जास्त असेल तर फिका येतो. गडद रंग म्हणजे जास्त बायोटिन, असा उलटा अर्थ करू नये.

खाद्यातील बरेचसे बायोटिन प्रथिनांना जोडलेले असते. एकूण बायोटिन मोजावयाचे असल्यास नमुना प्रथम आम्लाने किंवा पपईच्या चिकापासून काढलेल्या पपेन या एंझाइमाने सोडवून घ्यावा लागतो. हे केले नाही तर केवळ मोकळे बायोटिन मोजले जाते.

प्रत्येक ताटलीत बायोटिनचे ज्ञात प्रमाण असलेली द्रावणे शेजारच्या खळग्यांत ठेवतात व त्यांच्या रंगांवरून आलेख काढतात. नमुन्याचा रंग त्या आलेखाशी जुळवून प्रमाण काढतात. प्रत्येक नमुना दोन खळग्यांत घालतात. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर परीक्षा पुन्हा करतात. शिवाय नमुन्याच्या एका भागात मोजून थोडे बायोटिन मिसळतात आणि ते आकड्यात परत दिसते की नाही हे पाहतात. ते न दिसल्यास नमुन्यातील काही पदार्थ परीक्षेला अडथळा करीत आहे असे समजावे.

हिशेबाचे उदाहरण

समजा, ५ ग्रॅम खाद्याचा अर्क काढून तो १०० मिलिलिटर केला, आणि त्यातील एक भाग घेऊन दहा पट पातळ केला. ताटलीवर दर मिलिलिटरला ०.६ नॅनोग्रॅम बायोटिन आढळले. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग.

पातळ करण्यापूर्वी : ०.६ × १० = ६ नॅनोग्रॅम दर मिलिलिटर
१०० मिलिलिटरमध्ये : ६ × १०० = ६०० नॅनोग्रॅम
एक ग्रॅम खाद्यात : ६०० ÷ ५ = १२० नॅनोग्रॅम
एक किलोग्रॅम खाद्यात : ०.१२ मिलिग्रॅम

गरज ०.१५ असून खाद्यात ०.१२ आहे. तूट दर किलोग्रॅमला ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे दहा क्विंटलांस ३० मिलिग्रॅम. आरंभी सांगितलेल्या पाच दाण्यांपैकी एक दाणा तो हाच.

येथे एक सावधगिरी बाळगावी. परीक्षेचा आकडा खाद्यात काय आहे हे सांगतो. कोंबडीला काय मिळाले हे सांगत नाही. मका व सोयाबीन पेंड यांवर आधारलेल्या खाद्यातील ०.१५ हा आकडा आणि गव्हाच्या खाद्यातील ०.१५ हा आकडा यांचा अर्थ सारखा नाही. दुसऱ्या खाद्यातील बराच भाग बद्ध असल्याने वाया जातो. म्हणून अहवालाबरोबर खाद्यातील धान्ये कोणती व किती हे पशुवैद्यकास सांगितले पाहिजे. याउलट मक्याच्या खाद्यात बायोटिन भरपूर आढळले आणि तरीही पाय बिघडलेले असतील, तर पुडीवर आणखी पैसे घालविण्यापेक्षा तूस कोरडे करण्याकडे, हवा खेळती ठेवण्याकडे आणि इतर कारणांकडे वळावे. ब्रॉयलरची बॅच सुमारे सहा आठवड्यांत संपते; चुकीच्या कारणामागे गेलेला आठवडा पुन्हा मिळत नाही.

बायोटिनच परीक्षेला फसविते तेव्हा

बायोटिनविषयी आणखी एक गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण तिचा संबंध माणसांच्या जिवाशी येतो.

रक्ताच्या अनेक परीक्षांत बायोटिन हे जोडणीचे साधन म्हणून वापरले जाते. स्ट्रेप्टॲव्हिडिन नावाचे, जिवाणूपासून मिळणारे व ॲव्हिडिनप्रमाणेच वागणारे प्रथिन खुंट्यासारखे असते, आणि परीक्षेतील प्रतिपिंडे बायोटिनच्या दाव्याने त्याला बांधली जातात. रुग्णाच्या रक्तात गोळ्यांतून आलेले पुष्कळ बायोटिन असेल तर ते खुंटे अडवून बसते आणि आकडा चुकतो. काही परीक्षांत तो खोटा कमी येतो, तर काहींत खोटा जास्त. गलग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या परीक्षांत यामुळे निरोगी माणूस रोगी भासू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात वाढणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडा खोटा कमी आल्यास खरा रोगी निरोगी ठरू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला, आणि अशा चुकीच्या ट्रोपोनिन आकड्यानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात केली.

रोजच्या जेवणातील बायोटिनने असे होत नाही. प्रौढ माणसास दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरेसे मानतात. केस व नखे यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या तीनशे पटींहून अधिक बायोटिन असते. धोका तेथे आहे. यावर उपाय म्हणून काही परीक्षांची मांडणी बदलण्यात आली आहे. केवळ मोकळ्या बायोटिनला धरणारे आणि जोडलेल्या बायोटिनला न शिवणारे प्रतिपिंड परीक्षेत घातले, तर ते गोळीतून आलेले बायोटिन अडवून धरते आणि परीक्षेची जोडणी तशीच राहते. प्रतिपिंडाची पकड नेमकी कशावर आहे हे जाणण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

तरीही कोणत्या रुग्णालयात कोणती परीक्षा वापरतात हे रुग्णास ठाऊक नसते. यास्तव रक्त देण्यापूर्वी, आपण केसांच्या किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेत असल्यास ते डॉक्टरांस आवर्जून सांगावे. गोळी किती दिवस थांबवावी हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. छातीत कळ आली असता गोळी थांबविण्यासाठी वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे आणि गोळीची गोष्ट तेथे सांगावी.

नमुना कसा पाठवावा

प्रयोगशाळेतील प्रतिपिंड कितीही नेमके असले तरी नमुना चुकीचा असेल तर आकडा चुकीचाच येणार. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. बायोटिनची परीक्षा प्रत्येक प्रयोगशाळेत होतेच असे नाही. पाठविण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत चौकशी करावी. परीक्षा मोकळ्या बायोटिनची आहे की एकूण बायोटिनची, हेही विचारून घ्यावे.

२. एकाच पोत्याच्या तोंडाशी असलेले खाद्य घेऊ नये. निदान दहा पोत्यांतून, वरच्या, मधल्या व तळाच्या थरांतून थोडे थोडे खाद्य घ्यावे. पोती कमी असल्यास प्रत्येकातून घ्यावे.

३. सर्व खाद्य स्वच्छ कापडावर मिसळून त्याचे चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे काढून टाकावेत. सुमारे अर्धा किलोग्रॅम उरेपर्यंत ही कृती करावी.

४. नमुना कोरड्या, हवाबंद पिशवीत किंवा डब्यात भरून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा. ओलसर झालेले अथवा खवट वासाचे खाद्य वेगळे ठेवून त्याचा स्वतंत्र नमुना घ्यावा. चरबी खवट होताना बायोटिनचाही नाश होतो.

५. चिठ्ठीवर नमुना घेतल्याची तारीख, खाद्य तयार केल्याची तारीख, धान्यांची नावे व प्रमाण, प्रीमिक्सची खेप, पिलांचे वय आणि दिसलेली लक्षणे लिहावीत.

६. नमुन्याचा अर्धा भाग चिठ्ठीसह स्वतःजवळ राखून ठेवावा. आकड्याविषयी शंका आल्यास तो उपयोगी पडतो.

७. नमुना घेतल्यानंतरच पुडी द्यावी, आधी नव्हे. कधी व किती द्यावी हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे.

उजळणी

गावातील बैठकीत हा पाठ समजावून दिल्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत :

१. बायोटिन एकटे टोचले असता प्रतिपिंडे का तयार होत नाहीत?
२. सशाच्या रक्तजलापेक्षा पुनःसंयोजित प्रतिपिंड कोणत्या बाबतीत सरस आहे?
३. ताटलीतील रंग फिका आला तर नमुन्यात बायोटिन कमी समजावे की जास्त?
४. गव्हाच्या व मक्याच्या खाद्यात बायोटिनचा आकडा सारखाच आला, तर कोणत्या खाद्याविषयी अधिक काळजी वाटावी? का?
५. केसांची गोळी घेणाऱ्या माणसाने रक्ताच्या परीक्षेपूर्वी काय सांगितले पाहिजे?

सारांश असा की, प्रतिपिंड हे मापासारखे आहे. ते कशाला धरते हे ठाऊक असले आणि ते दरवर्षी तेच राहिले, तरच त्याने मोजलेल्या आकड्यावर विसंबता येते. पुनःसंयोजनामुळे असे कायम राहणारे माप हाती आले आहे. त्या मापापर्यंत प्रामाणिक नमुना पोहोचविणे हे काम मात्र शेतकऱ्याने आणि गावातील कार्यकर्त्याने करावयाचे आहे.